साथ, तगाई आणि सातबारा

या व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागल्या रांगेत बसून ऐकावे असा प्रघात आहे. तो या वर्षी मोडला गेला, याचा दोष चालकांकडे जातो. आमचे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही झाले ते संघटनेच्या कचेरीत, नगरवाचनालयात, आणि सरकारी निर्णयांचे कागद मजुरांना वाचून दाखविता दाखविता झाले. तेव्हा आमच्याकडून राजेरजवाड्यांचा इतिहास कोणी अपेक्षू नये. सरकारचा पैसा शेतापर्यंत कोणत्या वाटेने जातो, एवढ्याच एका वाटेचा हा इतिहास आहे. ती वाट शोधावी असे आम्हास का वाटले, ते आधी सांगितले पाहिजे.

२०२० सालच्या एप्रिल महिन्यात टाळेबंदी चालू असताना धान्याच्या पिशव्या वाटण्यासाठी आम्ही नाशिक जिल्ह्यातील एका गावी गेलो होतो. तेथे एक बाई भेटली. दुसऱ्याची दोन एकर जमीन ती अर्ध्या वाट्याने करीत होती. शेतात टोमॅटो आणि मेथी होती. आठवडेबाजार बंद, व्यापारी फिरकत नाही, मुंबईची गाडी मिळत नाही. मेथीत तिने शेळ्या सोडल्या होत्या आणि टोमॅटो झाडावरच पिकून गळत होता. त्याच आठवड्यात सरकारने शेतकऱ्यांच्या खात्यावर दोन दोन हजार रुपये जमा केल्याची बातमी गावभर झाली होती. या शेतापायी ते पैसे आले होते, आणि जमिनीच्या मालकाच्या खात्यावर आले होते. मालक तालुक्याच्या गावी लहानसे दुकान चालवितो. बाईने आम्हास विचारले, "भाऊ, माल माझा सडला, अन् पैसे त्यांना कसे आले?"

तिच्या स्वरात तक्रार नव्हती. खरोखरच तिला ते कळले नव्हते. आम्ही त्या वेळी जे उत्तर दिले ते बरोबर असूनही अपुरे होते. "ताई, सातबारा त्यांचा आहे," एवढेच आम्ही म्हणालो. त्या दुकानदाराविषयी वाचकांनी वाईट ग्रह करून घेऊ नये. त्याचेही दुकान बंदच होते, आणि आलेल्या दोन हजारांतले पाचशे त्याने बाईला नेऊन दिले असे आम्हास पुढे कळले. कायद्याने त्याला तसे करण्याचे काही कारण नव्हते.

अडल्या कुणब्याला सरकारातून बी-बियाणे, बैल आणि पोटाला दाणे द्यावयाचे, ही आपल्याकडे इंग्रजांनी आणलेली कल्पना नव्हे. प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना शिवछत्रपतींनी १६७६ च्या सप्टेंबरात जे पत्र धाडले ते इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. सुभेदाराने गावोगाव जावे, कुणबी गोळा करावे, ज्याच्यापाशी शेत करण्याची कुवत आहे व माणूसबळ आहे, पण बैल नाही आणि पोटाला दाणा नाही, म्हणून जो अडून बसला आहे, त्याला बैलांसाठी रोख पैसा द्यावा, खंडी दोन खंडी धान्य द्यावे, आणि पुढे वाढीदिढी न करता नुसते मुद्दल, तेही त्याला जमेल तसे, हळूहळू वसूल करावे, असा त्याचा आशय आहे. या पत्राचा उल्लेख राजाच्या दयाबुद्धीचा दाखला म्हणून नेहमी केला जातो. आम्हास त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. मदत कोणाला द्यावयाची याचे माप त्यात आहे, आणि ते माप हातांचे आहे. कुवत आहे काय, माणूस आहे काय, असे सुभेदाराने पाहावयाचे आहे.

इंग्रजी अमलात हे माप बदलले. रयतवारी पद्धतीत सरकारचा संबंध सारा भरणाऱ्या खातेदाराशी आला. जमीन मोजली गेली, तिला नंबर पडला, नंबरापुढे नाव लागले, आणि सरकारच्या लेखी ते नाव म्हणजेच शेतकरी झाला. साऱ्याची रोख वसुली आणि सावकाराचे व्याज यांमध्ये सापडलेल्या या खातेदाराचे पुढे काय झाले, ते १८७५ सालच्या दंग्यांनी दाखविले. त्या वर्षी १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खते जाळली. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने पुण्याची वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती याच साली. एकीकडे पुण्यात व्याख्याने आणि दुसरीकडे सुप्यात कागदांची होळी, असा तो वसंत होता.

लगेच पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा मोठा दुष्काळ आला. त्याचा सगळा वृत्तान्त येथे सांगण्याचे कारण नाही. परंतु आमच्या धंद्याचा माणूस त्यातली एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाऊ शकत नाही. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या माणसाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली, तेव्हा १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातल्या कामांवरील मजुरांनी कामे सोडली. खडी फोडणाऱ्या अर्धपोटी माणसांचा तो संप होता. त्यांची बाजू सार्वजनिक सभेने सरकारपुढे मांडली. हिंदुस्थानातील संपांचा इतिहास लिहिणारे बहुधा कापडगिरण्यांपासून सुरुवात करतात. ती सुरुवात दुष्काळी कामाच्या खडीपासून झाली पाहिजे, असे आमचे मत आहे.

या दुष्काळानंतर सरकारने जे कायदे केले त्यांतले दोन आपल्या विषयाच्या मुळाशी आहेत. पहिला १८८३ चा जमीनसुधारणा कर्जाचा, दुसरा १८८४ चा शेतकरी कर्जाचा. विहीर, ताल, बांध यांसाठी पहिला, आणि बियाणे, बैल व आपत्तीतली तरतूद यांसाठी दुसरा. लोकांनी दोहोंना तगाई हेच जुने नाव दिले. १८८४ च्या कायद्याने कर्ज कोणाला द्यावयाचे ते स्पष्ट लिहिले आहे: लागवडीच्या जमिनीचे मालक आणि कब्जेदार यांना. वसुली साऱ्याच्या थकबाकीप्रमाणे करावयाची. सरकारच्या बाजूने विचार केला तर हे अगदी सरळ होते. पैसा बुडू नये यासाठी तारण हवे, तारण जमिनीचे, म्हणून पैसा जमिनीच्या नावावर. जो दुसऱ्याच्या शेतात राबतो त्याच्यापाशी हातांवाचून काय आहे? आणि हात जप्त करता येत नाहीत. त्याच्यासाठी खडी फोडण्याचे काम होते. अशा रीतीने संकटातील मदतीच्या दोन वाटा पडल्या. जमीनवाल्याने मामलेदार कचेरीत अर्ज करावा आणि बिनजमिनीच्याने पाटी-घमेले घेऊन कामावर जावे.

दुष्काळात या दोन वाटा कशाबशा चालल्या. साथीत मात्र दुसरी वाट बंद पडते. हा भेद आम्हास फार महत्त्वाचा वाटतो. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग प्रकटला, डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला, आणि त्याच वर्षी पाऊसही गेला. साथ आणि दुष्काळ एकदम आले. दुष्काळाला माणसे एका जागी गोळा करावी लागतात आणि साथीला ती पांगवावी लागतात. एकाच सरकारने एकाच वेळी ही दोन्ही कामे कशी करावी? १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला, आणि त्याच कायद्याच्या आधाराने २०२० सालीही हुकूम निघाले. दुष्काळसंहितेतले आपले हक्क रयतेने ओळखावे म्हणून टिळकांनी 'केसरी'तून आणि सार्वजनिक सभेच्या माणसांकरवी मोहीम चालविली. सारा तहकूब करून मागणे हा गुन्हा नव्हे, ती सरकारनेच छापलेली गोष्ट आहे, हे त्या मोहिमेचे सार. सरकारी कागद सरकारच्याच तोंडासमोर धरण्याची ही रीत आम्ही कामगार चळवळीत पुढे पुष्कळ वापरली. त्या वेळी त्याचे फळ असे मिळाले की, सरकारने सभेची मान्यता काढून घेतली.

आता १९१८ साल. इन्फ्लुएंझाची पहिली लाट जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरली आणि ओसरली. दुसरी सप्टेंबरात आली व ऑक्टोबर-नोव्हेंबरात इलाखाभर पसरली. नैऋत्येचा पाऊस त्या वर्षी अतिशय कमी झाला होता आणि महायुद्धामुळे धान्य आधीच महाग होते. हिंदुस्थानात किती माणसे मेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या २५ कोटी २१ लाखांवरून २५ कोटी १३ लाखांवर आली. खानेसुमारीच्या इतिहासात लोकसंख्या घटलेले तेवढे एकच दशक विसाव्या शतकात आहे. परंतु आकडा केवढा यापेक्षा ती माणसे कोणती हे पाहावे. प्लेग-पटकी लहानमोठा पाहत नाही, आणि साधा पडसे-ताप म्हाताऱ्यांना व पोरांना नेतो. या तापाने वीस ते चाळीस या वयातली धडधाकट माणसे नेली. स्त्रिया पुरुषांहून अधिक गेल्या. घरातील आजाऱ्यांची उठबस त्याच करीत होत्या. आणि वेळ कोणती? खरिपाची काढणी आणि रब्बीची पेरणी तोंडावर आलेली. तगाईने बियाणे आणता येते, बैल आणता येतो. बैलामागे चालणारा माणूस तगाईने येत नाही.

त्याच सालच्या आरंभी गुजरातेत खेडा जिल्ह्यात जे घडले तेही याच प्रश्नाभोवती होते. १९१७ च्या अतिवृष्टीने पीक गेले होते, प्लेग चालू होता. पीक चार आण्यांच्या आत आले तर त्या वर्षीचा सारा तहकूब व्हावा असा सरकारचाच नियम. शेतकरी म्हणत, पीक चार आण्यांहून कमी. अधिकारी म्हणत, अधिक. आणेवारी कोणी ठरवावी यावर सारी लढाई. २२ मार्च १९१८ रोजी नडियाद येथे गांधीजींनी सत्याग्रह पुकारला, वल्लभभाई पटेल त्यात उतरले, आणि जूनमध्ये तडजोड झाली: ऐपत असणाऱ्यांनी सारा भरावा, गरिबांचा तहकूब राहावा. या शेवटाने गांधीजींचे समाधान झाले नाही. गरीब कोण, हे ठरविण्याचा हक्क लोकांकडे यावयास हवा होता, तो आला नाही, असे त्यांनी आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. सूट मिळाली, पण सुटीची यादी कचेरीतच राहिली. आम्हास वाटते, शेतकऱ्यांच्या मदतीच्या इतिहासातले हे सर्वांत खरे वाक्य असावे.

१९१८ च्या मृतांवरून पुढे एक विलक्षण वाद झाला. वाचनालयात तो आमच्या हाती लागला तेव्हा रात्री उशिरापर्यंत आम्ही तो वाचीत बसलो. त्या काळचे मोठमोठे अर्थशास्त्रज्ञ म्हणत की, हिंदुस्थानच्या शेतीवर माणसे फाजील आहेत. त्यांतली काही काढून घेतली तरी उत्पन्न तसूभर कमी होणार नाही. शिकागोचे थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६४ सालच्या आपल्या ग्रंथात या मताची परीक्षा करण्यासाठी इन्फ्लुएंझाची साथ घेतली. शेतीवरची सुमारे आठ टक्के माणसे साथीने काढून नेली. फाजील माणसे असती तर पेरा तेवढाच राहिला असता. तो राहिला नाही. १९१६-१७ च्या मानाने १९१९-२० मध्ये पेऱ्याखालील क्षेत्र ३.८ टक्क्यांनी कमी भरले. म्हणून फाजील कोणीच नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष. अमर्त्य सेन यांनी १९६७ मध्ये त्यावर आक्षेप घेतला. साथ घराघरातून एकेक माणूस हिशेबाने उचलीत नाही, ती एका घरातले सगळे नेते आणि शेजारच्या घराला स्पर्शही करीत नाही. ओस पडलेल्या घराची जमीन शेजाऱ्याच्या हाती लगेच जात नाही, ती पडून राहते. तेव्हा पेरा घटला एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, असे त्यांच्या म्हणण्याचे तात्पर्य. दोघांनाही पुढे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्यात निवाडा करण्याची आमची पात्रता नाही. मात्र ज्यांना जिवंतपणी कोणी मोजले नाही, त्यांना मेल्यावर दोन जगप्रसिद्ध पंडितांनी मोजावे, हे वाचताना आमच्या मनाची स्थिती चमत्कारिक झाली. शेतमजुराची गरज सिद्ध करावयास त्याला मरावे लागले.

स्वातंत्र्यानंतरच्या काळाविषयी थोडक्यात सांगतो, पण त्यातली एक गाठ सोडविल्यावाचून २०२० समजणार नाही. जमिनीच्या हक्कनोंदणीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ साली झाला. त्यातून आजचा सातबारा आला: गाव नमुना सातमध्ये मालकी व हक्क, आणि नमुना बारामध्ये कोणते पीक कोणी केले त्याची नोंद. म्हणजे कागदाच्या वरच्या अर्ध्यात मालक आणि खालच्या अर्ध्यात कसणारा, अशी मुळात व्यवस्था होती. १९४८ च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषिदिनाने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक केले. त्या कायद्याने लक्षावधी घरांचे कल्याण झाले, आमच्या आईच्या माहेरचे त्यातच आले. परंतु त्याचा दुसरा परिणाम असा झाला की, त्यानंतर ज्याने आपली जमीन वाट्याने किंवा खंडाने दिली त्याने कसणाऱ्याचे नाव नमुना बारावर येऊ दिले नाही. नाव लागले तर उद्या हा कूळ म्हणून हक्क सांगेल, ही धास्ती. वाटेकरी काही नाहीसा झाला नाही, तो कागदावरून मात्र उठला. ज्या कायद्याने एका पिढीच्या कुळांना नाव दिले, त्याच्याच धाकाने पुढल्या पिढीतला कसणारा बेनाव झाला. यात कोणाचा दुष्टपणा आहे असे आम्ही म्हणत नाही. कायदा केला त्यांना हे दिसावे कसे?

बायकांचे नाव तर त्या कागदावर पूर्वीपासूनच विरळा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नव्वद सालच्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढून शेतकऱ्यांना आपल्या बायकोच्या नावे जमीन करावयास सांगितले, आणि पुष्कळांनी ती केलीही. तथापि २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातील वहितीदारांपैकी स्त्रिया चौदा टक्क्यांच्या आतच भरल्या. निंदणी, खुरपणी, लावणी आणि काढणी करताना शेतात किती बायका दिसतात ते ज्याने त्याने आठवावे.

आता २०२०. त्या वर्षी २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी झाली. कोंबडीने रोग पसरतो या अफवेने कुक्कुटपालक आधीच बुडाले होते. जिवंत कोंबड्या फुकट वाटल्याचे लोकांनी पाहिले. मग फुले गेली, द्राक्षे गेली, भाजीपाला गेला. हॉटेले बंद पडल्याने दुधाचा भाव कोसळला. राज्य सरकारने दररोज दहा लाख लिटर दूध पंचवीस रुपये भावाने घेऊन त्याची भुकटी करण्याचे ठरविले, तरी ऑगस्टात दूधवाल्यांना रस्त्यावर यावेच लागले.

केंद्र सरकारने २६ मार्च रोजी १ लाख ७० हजार कोटींची गरीब कल्याण योजना जाहीर केली. तीत शेतकऱ्यांचा भाग असा: पी. एम. किसान योजनेचा दोन हजारांचा हप्ता ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात द्यावयाचा. ही योजना १ फेब्रुवारी २०१९ च्या अर्थसंकल्पात आली. वर्षाला सहा हजार, तीन हप्त्यांत. प्रथम दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यांना, आणि त्याच वर्षी मेअखेर सर्व जमीनधारक कुटुंबांना. एप्रिल ते जुलैमध्ये जो हप्ता मिळावयाचाच होता तो एप्रिलच्या आरंभी मिळाला, साथीचा म्हणून नवा पैसा त्यात नव्हता. तरीही आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. टाळेबंदीत घरी बसलेल्या माणसाला दोन हजार रुपये दोन आठवड्यांत पोचणे ही लहान गोष्ट नव्हे. तगाईच्या काळात अर्ज, जामीन, पंचनामा आणि मामलेदाराची फिरती यांत हंगाम निघून जात असे. शिवाय तगाई फेडावी लागे, हे फेडावयाचे नव्हते. पैसा इतक्या लौकर पोचला, कारण यादी तयार होती. आणि यादी तयार होती, कारण ती सातबाऱ्यावरून केलेली होती. १८८४ च्या कायद्यातले मालक आणि कब्जेदार १३६ वर्षांनी संगणकावर आले. तारणाची गरज आता उरली नव्हती, कारण कर्जच नव्हते. पण तारणासाठी पाडलेली वाट तशीच वापरात राहिली.

या वाटेच्या बाहेर किती माणसे होती? २०११ च्या जनगणनेत देशात शेतकरी ११ कोटी ८८ लाख आणि शेतमजूर १४ कोटी ४३ लाख. महाराष्ट्रातही शेतमजूर शेतकऱ्यांपेक्षा अधिक. त्यांच्यासाठी रोजगार हमीची मजुरी वाढविली होती, आपल्या राज्यात ती २०६ वरून २३८ रुपये झाली. परंतु आम्ही आधी म्हटले तेच येथे झाले. साथीत कामावर माणसे गोळा करता येत नाहीत; २० एप्रिलपर्यंत बहुतेक कामे बंदच होती. वाढलेली मजुरी न चालणाऱ्या कामावर होती. ऊसतोड कामगार लाखावर संख्येने कारखान्यांच्या फडांत अडकून पडले, ते १७ एप्रिलच्या निर्णयानंतर घरी निघाले. बांधकाम कामगारांना कल्याण मंडळाने दोन दोन हजार दिले, कारण त्यांचे मंडळ होते आणि मंडळापाशी नोंदवही होती. ती मिळविण्यासाठी संघटनांनी वर्षानुवर्षे झगडा केला होता. शेतमजुराला मंडळ नाही, नोंदवही नाही. असंघटितांच्या नोंदणीचे ई-श्रम पोर्टल २०२१ च्या ऑगस्टात निघाले, म्हणजे दुसरी लाट ओसरल्यावर, आणि त्यावर नोंदलेल्यांत निम्म्याहून अधिक शेतीत राबणारे निघाले.

यावर एक उत्तर आम्हास नेहमी मिळते. एका तहसील कचेरीत आम्ही वाटेकऱ्यांची यादी घेऊन गेलो असता तेथील अधिकाऱ्यांनी ती वाचलीही नाही. सातबारा हा पुरावा आहे, ही यादी म्हणजे तुमचे म्हणणे आहे. उद्या कोणीही उठेल आणि स्वतःला वाटेकरी म्हणवील, असे ते म्हणाले. हा आक्षेप पोकळ नाही. खोटी नावे लागतात, हे आम्ही संघटनेच्या सभासदपुस्तकातही पाहिले आहे. परंतु सातबाऱ्याची यादी तरी शुद्ध होती काय? जुलै २०२१ मध्ये संसदेत सरकारने सांगितले की, पी. एम. किसानचे पैसे घेणाऱ्यांत ४२ लाख अपात्र निघाले आणि त्यांच्याकडून सुमारे तीन हजार कोटी रुपये वसूल करावयाचे आहेत. प्राप्तिकर भरणारेही त्यांत होते. म्हणजे चूक दोन्ही रीतींत होते. एका रीतीत ती ज्यांच्या नावे जमीन आहे त्यांच्या बाजूने होते, एवढाच भेद.

आणि दुसरी रीत कोणी करून पाहिलीच नाही असेही नाही. ओरिसाने २०१८ च्या डिसेंबरात कालिया योजना काढली तीत भूमिहीन शेतकरी कुटुंबांना शेळ्या, कोंबड्या, अळंबी अशा जोडधंद्यांसाठी पैसे ठेवले. आंध्राने २०१९ मध्ये अकरा महिन्यांच्या करारावर कसणाऱ्याला पत्र देण्याचा कायदा केला. मालकी हक्काला धक्का नाही, कुळाचा दावा नाही, फक्त या हंगामाला पीक याचे, एवढेच त्या पत्राने ठरते. आमच्या कुळकायद्याच्या गाठीवर हा उतारा कसा आहे ते पाहावे. तेथेही मालक सही द्यावयास का-कू करतात असे ऐकतो, पण वाट तरी पडली. छत्तीसगडने साथीच्या काळातच भूमिहीन मजूर कुटुंबांना वर्षाला सहा हजार देण्याचे योजिले आणि २०२२ च्या फेब्रुवारीत पहिला हप्ता दिला.

श्रोत्यांपैकी बहुतेक नोकरदार व व्यापारी आहेत. त्यांना वाटेल की, हा गावाकडचा तंटा, त्यात आमचा काय संबंध? तर महाराष्ट्रातच असा एक काळ होता की, गावच्या हातांचा हिशेब शहराच्या पगारातून चुकविला गेला. १९७२ च्या दुष्काळात, १९७३ च्या उन्हाळ्यात, जवळजवळ ५० लाख माणसे कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि तिच्या खर्चासाठी १९७५ सालापासून व्यवसायकर बसला. आपल्या पगारपत्रकात महिना दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये जे कापले जातात ते तेच. तो पैसा कोणाच्या सातबाऱ्याकडे पाहत नव्हता. कामावर जो आला, त्याचे नाव हजेरीपटावर, आणि हजेरीपटावर जो, त्याला पैसा. आमच्या आयुष्यात पाहिलेला हाच एक सरकारी कागद असा की, ज्यावर बायकांची नावे पुरुषांच्या बरोबरीने दिसत. साथीत तो कागद कोरा राहिला. कामच नसेल त्या महिन्यांतही जुन्या हजेरीपटावरून मदत देता आली असती, हे तेव्हा आम्ही लिहून कळविले होते. पोच आली नाही.

दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, साथ खेड्यांत शिरली आणि मग कागदाचा आणखी एक खेळ दिसला. घरचा पुरुष गेला की त्याच्या नावाचा हप्ता बंद. १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन घेणाऱ्याला ही मदत नाही, वारसाने आलेल्याला मात्र आहे; म्हणजे विधवेचा हक्क शाबूत होता, पण आधी वारसनोंद व्हावयास हवी. मृत्यूचा दाखला, वारसांचे प्रतिज्ञापत्र, दिरांची संमती, तलाठ्याचा फेरफार, नोटिशीचे पंधरा दिवस, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, मग बँकेचे खाते आधारला जोडणे. आम्ही त्या वर्षात अशा बायकांबरोबर तलाठी कार्यालयाच्या पायऱ्या किती चढलो त्याची गणती नाही. दिराची संमती ही त्यातली सर्वांत उंच पायरी.

त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. तलाठ्याने बांधावर येऊन नमुना बारा भरण्याऐवजी शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून शेतातल्या पिकाचे छायाचित्र काढून नोंद करावयाची. आरंभी उल्लेखिलेली बाई त्या पावसाळ्यात आमच्या कचेरीत आली. तिच्या शेतात सोयाबीन होते. मालकाने तिला सांगितले होते की, मला दुकान सोडून येता येत नाही, तू शेतात उभी राहून फोटो काढ. फोन तिच्या मुलाचा होता, मोबाइलवर जो आकडा येतो तो मालकाच्या फोनवर जाई आणि मालक तो तिला कळवी. आम्ही तिला बटणे दाखविली. दुसऱ्या दिवशी बांधावर उभी राहून तिने आपण पेरलेल्या सोयाबीनचे छायाचित्र काढले, गट नंबर निवडला, आणि खाली खातेदाराचे नाव आले ते नीट जुळते आहे ना, हे पाहून ते पाठवून दिले.